खिडकी लाकडाची करायची? सोलापुरात आधी भिंत बघा

मंगळवार पेठेतलं आमचं जुनं घर माळवदाचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं होतं. हातभर जाड भिंती, माजघराला वर साणं (उजेडासाठी छतात ठेवलेलं भोक), आणि रस्त्याच्या अंगाला चार झडपांची सागवानी खिडकी. चैत्र लागला की आजी सकाळी नऊलाच झडपा ओढून घ्यायची आणि ऊन उतरलं की उघडायची. मधल्या वेळात घरात अंधार असायचा, पण गारवाही असायचा. पुढे विजापूर रोडला घर बांधलं तेव्हा मला तशाच खिडक्या हव्या होत्या. केल्या. पहिल्याच उन्हाळ्यात दोन झडपांच्या मधून पेन्सिल आरपार जायला लागली. सागवान अस्सल होतं, पैसेही पूर्ण मोजले होते. लाकूड ओलं होतं, आणि ते तपासून घ्यायचं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानंतर नात्यातल्या, शेजारच्या कितीतरी घरांसाठी मी वखारीत आणि सुतारांकडे जाऊन आले. पहिल्यांदाच घर बांधणाऱ्यांसाठी ते सगळं क्रमाने लिहिते.

एक गोष्ट आधी डोक्यात बसवून घ्या. कोकणात लाकडाला पाण्याची भीती. आपला भाग पर्जन्यछायेचा, पाऊस मुळातच कमी. आपल्याकडे लाकूड बिघडतं ते हवेच्या चढउताराने. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर आणि हवा भट्टीसारखी कोरडी; त्यातच एखाद्या संध्याकाळी वळीव येऊन तापलेली झडप चिंब करतो; सप्टेंबरात परतीच्या पावसाने भिंतीसुद्धा दमट होतात. लाकूड हवेतला ओलावा घेतं तेव्हा फुगतं आणि सोडतं तेव्हा आटतं. सोलापुरातल्या खिडकीला हे दरवर्षी सोसावं लागतं. पुढच्या सगळ्या सूचना यावरच उभ्या आहेत.

पहिली पायरी: कोणत्या भिंतीला कोणती खिडकी

वखारीत जायच्या आधी नकाशा घ्या आणि प्रत्येक खिडकीपुढे दिशा लिहा. लोक आधी डिझाइन निवडतात, मग तीच खिडकी चारही भिंतींना लावतात. तिथेच पैसे वाया जातात.

दक्षिणेची खिडकी सगळ्यात सोपी. ऊन वरून येतं, त्यामुळे दोन फुटांचा छज्जा असला तर मार्चच्या दुपारीही काच सावलीत राहते. थंडीत सूर्य खाली आला की तेच ऊन घरात येतं आणि ते हवंच असतं. पूर्वेचं ऊन सकाळपुरतं. उत्तरेबद्दल एक चुकीची समजूत आहे की तिथे ऊन येतच नाही. सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत भर दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो. उत्तरेच्या खिडकीलाही लहानसा का होईना, छज्जा द्या.

खरी परीक्षा पश्चिमेची. दुपारी तीननंतरचं ऊन तिरकं येतं, त्याला छज्जा अडवूच शकत नाही. त्या भिंतीला मोठी काचेची लाकडी खिडकी करू नका, मग सागवान कितीही भारी असो. उन्हाने पॉलिश सोलवटतं, काचेतून उष्णता आत येते आणि झडप एका बाजूने भाजून वाकते. पश्चिमेला खिडकी लहान ठेवा आणि बाहेरच्या अंगाला तिरक्या लाकडी पट्ट्यांची, म्हणजे लुव्हरची झडप द्या. ऊन काचेपर्यंत पोचायच्या आधीच अडलं पाहिजे. आतून पडदा लावेपर्यंत उष्णता घरात आलेली असते. या बाहेरच्या झडपा दर तीन-चार वर्षांनी रंगवाव्या लागतील हे धरून चाला.

न्हाणीघर आणि संडासाच्या खिडकीला लाकूड नकोच. तिथे अॅल्युमिनियम किंवा यूपीव्हीसी (कडक प्लॅस्टिक) लावा आणि वाचलेले पैसे बैठकीच्या खिडकीत घाला.

दुसरी पायरी: किती मोठी, कशी उघडणारी

राष्ट्रीय इमारत संहितेत उष्ण-कोरड्या हवामानासाठी खोलीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक-दशांश एवढी उघडीप सांगितली आहे. १० बाय १२ ची खोली म्हणजे १२० चौरस फूट, तिला किमान १२ चौरस फूट. ४ बाय ४ ची एक खिडकी हिशेबात बसते. पण समोरासमोर किंवा काटकोनातल्या भिंतींना दोन लहान खिडक्या असल्या तर वारा खेळतो. एकाच मोठ्या खिडकीतून तो तसा येत नाही.

सरकत्या खिडकीत एका वेळी अर्धीच जागा उघडते. लाकडी झडपांची खिडकी पूर्ण उघडते, आणि रात्री गच्चीवर झोपायची सोय नसलेल्या घरात हा फरक फार मोठा आहे.

माझा आग्रह जुन्या चार झडपांच्या खिडकीचा. दोन खाली, दोन वर, मध्ये आडवी पट्टी. खालच्या झडपा लाकडी तावदानाच्या, वरच्या काचेच्या. रस्त्यावरून जाणाऱ्याला घरातलं दिसत नाही, वरून उजेड येतो, तापलेली हवाही वरूनच बाहेर पडते. शिवाय झडप लहान असली की ती वाकायची शक्यता कमी होते. आजीच्या घरची खिडकी शेवटपर्यंत सरळ राहिली, त्याचं एक कारण हेच होतं.

तिसरी पायरी: लाकूड कोणतं

सागवान पहिलं, यात वाद नाही. त्यात नैसर्गिक तेल असतं, वाळवी त्याच्या गाभ्याला सहसा लागत नाही आणि ते इतर लाकडांपेक्षा कमी हलतं. आपल्या बाजारात सीपी सागवान म्हणतात ते चंद्रपूर, बल्लारपूर, आलापल्लीच्या पट्ट्यातलं आणि मध्य प्रदेशातलं. बर्मा सागवान सगळ्यात महाग. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतून येणारं बहुतेक सागवान लागवडीचं, कमी वयाच्या झाडांचं असतं; त्यात गाभ्याबाहेरचं पांढरं लाकूड जास्त निघतं. ते वाईट नसतं, पण ‘सागवान’ एवढ्या एका शब्दावर सीपीचा दर देऊ नका. बिलावर लाकडाचा प्रकार लिहून घ्या.

ओळखताना नुसत्या रंगावर जाऊ नका. रंग लावता येतो. फळीच्या कडेला रंध्याचा एक हात मारायला सांगा: खरं सागवान ताजं कापलं की थोडं हिरवट-पिवळं दिसतं, हवा लागली की सोनेरी तपकिरी होतं. बोटाला किंचित तेलकट लागतं आणि चामड्यासारखा वास येतो. कडेला फिकट पांढरा पट्टा दिसला तर ते गाभ्याबाहेरचं कच्चं लाकूड. कीड तिथूनच लागते. चौकटीत असा पट्टा असलाच तर तो नावापुरता असावा, आणि झडपेत नसावाच.

तयार चौकटी मिळतात त्यांच्यावर बहुधा लाल किंवा गुलाबी प्रायमर आधीच मारलेला असतो. त्याखाली कच्चं लाकूड, गाठी, लांबी (पुट्टी) भरलेल्या चिरा सगळं झाकलं जातं. चौकट घ्यायची तर उघड्या लाकडाची घ्या, प्रायमर तुमच्यासमोर मारू दे.

बजेट तुटपुंजं असेल तर चौकट मलेशियन सालची आणि झडपा सागवानाच्या, हा बऱ्याच घरांनी निवडलेला मधला मार्ग आहे. साल जड, मजबूत, चौकटीला चांगला. झडपेला मात्र जड पडतो आणि वाळताना पिळतो. गावाकडे बांधावरचं कडुनिंब किंवा बाभूळ असतं, लोक विचारतात ते चालेल का. चौकटीला चालतं, पण झाड पाडून वर्षभर तरी सावलीत वाळू द्यायला हवं. बाभळीचं पांढरं लाकूड किडा पटकन पोखरतो, ते काढून टाका. शेतातला साग तोडायचा असला तर तो स्वतःचा असूनही वनविभागाची परवानगी लागते. १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्यात साग येतो. वाहतुकीचा परवानाही वेगळा घ्यावा लागतो.

आणि जुनं लाकूड विसरू नका. पेठांमधली घरं उतरवली जातात तेव्हा तुळया, खांब, चौकटी निघतात. ते लाकूड आठ-नऊ दशकं सोलापूरची हवा खाऊन बसलेलं असतं; आता ते फारसं हलत नाही. आमचं पेठेतलं घर उतरवलं तेव्हा एक तुळई मी मागून घेतली, आणि माझ्या लिहायच्या खोलीची खिडकी तिची आहे. ती आजवर ना अडली, ना फाकली. असं लाकूड घेताना सगळीकडून हातोडीने वाजवा: भरीव आवाज हवा, पोकळ आला तर आत वाळवी. लोहचुंबक फिरवून खिळे शोधा, नाहीतर आरा गिरणीवाला ते कापायला तयार होत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे.

चौथी पायरी: ओल तपासा. ही पायरी गाळू नका

मी जिथे चुकले ती जागा हीच, म्हणून इथे सविस्तर सांगते.

सागवानात ओलाव्याचा एक टक्का फरक पडला की फळीच्या रुंदीत साधारण ०.२ टक्के फरक पडतो. लांबीत जवळजवळ काहीच नाही. आता हिशेब करा. शेजारी-शेजारी दोन झडपा असलेल्या खिडकीत ३ इंच रुंदीच्या चार उभ्या पट्ट्या येतात, म्हणजे आडवं लाकूड १२ इंच, ३०० मिलिमीटर. लाकूड २५ टक्के ओलं असताना झडपा केल्या आणि मे महिन्यात ते ८ टक्क्यांवर आलं, तर १७ टक्क्यांचा फरक, म्हणजे १० मिलिमीटर आटलं. तेच लाकूड १२ टक्क्यांवर असताना काम केलं असतं तर अडीच मिलिमीटरच्या आत भागलं असतं. माझ्या खिडकीतून पेन्सिल का जात होती ते या गणितात आहे.

म्हणून मागणी स्पष्ट करा: ओलावा १० ते १२ टक्के. कोणत्या कामाला किती ओलाव्याचं लाकूड चालतं यासाठी आयएस २८७ हे भारतीय मानक आहे. कंत्राटदाराशी लेखी करार करत असाल तर त्यात त्याचा उल्लेख करा. वखारीत ओलावा मोजायचा मीटर असतो, फळीच्या टोकाला न लावता मधोमध लावायला सांगा, कारण टोकं लवकर वाळतात. मीटर नसेल तर त्याच लाकडाचा हातभर तुकडा घरी आणा, स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून तारीख लिहा आणि सावलीत ठेवा. दर आठवड्याला वजन करा. तीन आठवडे वजन उतरतच राहिलं तर लाकूड अजून ओलं आहे. आकडा हवा असेल तर लहान चकती ओव्हनमध्ये १०० अंशांच्या थोडं वर, वजन थांबेपर्यंत वाळवा. २३० ग्रॅमची चकती २०० ग्रॅमवर थांबली तर गेलेलं पाणी ३० ग्रॅम. ३० भागिले २००, म्हणजे ओलावा १५ टक्के. या वेळी ओव्हनपाशी थांबा, लाकूड करपू देऊ नका.

लाकूड ओलं निघालं तर रागावून परत करायची गरज नाही. कापलेल्या पट्ट्या सावलीत, मध्ये बारीक काड्या घालून, थरावर थर रचा आणि वारा लागू द्या. उन्हात टाकू नका, टोकं फुटतात. आपल्या कोरड्या हवेत फेब्रुवारी ते मे या काळात अडीच इंची पट्ट्याही बऱ्यापैकी वाळतात. बांधकाम जोत्यापर्यंत आलं की लाकूड घेऊन ठेवावं, तोवर घर उभं राहतं आणि लाकूडही तयार होतं.

पाचवी पायरी: घनफुटांचा हिशेब

लाकूड घनफुटावर विकतात. सूत्र सोपं: लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत, तिघांचा गुणाकार भागिले १४४.

४ बाय ४ ची चार झडपांची खिडकी घेऊ. चौकट ४ बाय २.५ इंच, चार बाजू आणि मधली पट्टी मिळून २० फूट. २० गुणिले ४ गुणिले २.५ भागिले १४४, म्हणजे सुमारे १.४ घनफूट. काचेच्या झडपांना ३ बाय १.२५ इंचाच्या पट्ट्या साधारण ३० फूट, म्हणजे ०.८ घनफूट. तूट धरून अडीच घनफूट. खालच्या झडपांना लाकडी तावदान घातलं तर तेवढं वेगळं.

वखारवाला कापलेलं माप धरतो. रंधा मारल्यावर ४ इंचाची पट्टी पावणेचार होते. ही फसवणूक नव्हे, व्यापाराची रीत आहे. पण सुताराशी बोलताना ‘रंधा मारून ४ इंच’ की ‘कापून ४ इंच’ हे ठरवून घ्या. दर तीन ठिकाणी विचारा, आणि प्रत्येक ठिकाणी लाकडाचा प्रकार आणि ओलावा तोच सांगा, नाहीतर दरांची तुलनाच होत नाही.

सहावी पायरी: सुताराशी बोलून ठरवायच्या गोष्टी

जोड. कोपऱ्यात एका पट्टीला आरपार खाच आणि दुसरीची जीभ तिच्यात घट्ट बसलेली हवी, वरून लाकडी खुंटी. नुसते खिळे आणि डिंक चालणार नाहीत. आपल्या उन्हाळ्यात असे कोपरे उघडतात.

गज चौकटीतून आरपार ओवायचे असतात, त्यामुळे ते चौकट जोडतानाच घालावे लागतात. दोन गजांत ४ इंचांपेक्षा जास्त अंतर नको, घरात लहान मूल असेल तर त्याहून कमी. मागाहून बाहेरून ग्रिल लावणारे पुष्कळ आहेत, पण मग झडपा बाहेर उघडत नाहीत आणि आत उघडल्या तर जाळीला जागा उरत नाही. जाळी, गज आणि झडप यांतली कोणती कुठल्या बाजूला हे कागदावर काढून घ्या. डास आणि धुरळा दोन्हींसाठी जाळी लागणारच. स्टेनलेस स्टीलची घ्या, तिची चौकट पावसाळ्यानंतर काढून धुता येईल अशी.

काच ४ मिलिमीटरची पुरते, मोठ्या तावदानाला ५. काच लाकडी पट्टीने बसवा; नुसत्या लांबीवर बसवलेली काच दोन उन्हाळ्यांत खडखडते, कारण लांबी वाळून तडकते.

बिजागऱ्या आणि स्क्रू पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे. लोखंडी स्क्रू गंजतो आणि भोवती काळा डाग धरतो. चार फुटी उंच झडपेला तीन बिजागऱ्या. आणि उघडी झडप अडकवायला आकडे हवेतच. वळवाच्या वाऱ्यात आकडा नसलेली झडप एका फटक्यात काच फोडते.

बाहेरच्या खालच्या पट्टीला तळातून पाणी तुटायची खाच मारायला सांगा. अगदी किरकोळ काम आहे, पण ती नसली की पाणी लाकडाला चिकटून आत येतं. खिडकीखालची शहाबादी फरशी किंवा ग्रॅनाइट बाहेरच्या बाजूला उतार देऊनच बसवा.

सातवी पायरी: बसवताना उभं राहा

चौकट भिंतीत जाण्याआधी तिची भिंतीला टेकणारी बाजू डांबराने किंवा प्रायमरने झाका. वाळवी आणि गिलाव्याची ओल तिथूनच शिरते. ओळंबा धरा, मग दोन्ही कर्ण टेपने मोजा. दोन्ही सारखे आले तरच चौकट काटकोनात आहे. प्रत्येक उभ्या बाजूला तीन होल्डफास्ट, म्हणजे चौकट भिंतीत पकडून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या.

चौकट बसली की तिला प्लॅस्टिक गुंडाळा. पुढचे कित्येक दिवस भिंतींवर पाणी मारलं जातं आणि कष्टाने वाळवलेलं लाकूड पुन्हा ते सगळं पाणी पितं. झडपा गिलावा, फरशी आणि भिंती वाळल्यावरच लावा. कंत्राटदार घाई करतो, कारण झडपा लागल्या की त्याचा हप्ता निघतो. हप्त्याचं ते कलम आधीच बदलून घ्या.

झडप आणि चौकट यांत किती फट ठेवायची हे ऋतूवर ठरतं. एप्रिल-मेमध्ये बसवत असाल तर ३ मिलिमीटर, कारण लाकूड पुढे फुगणार आहे. सप्टेंबरात बसवत असाल तर २ पुरे.

रंग की पॉलिश

आतल्या बाजूला पॉलिश जरूर करा, सागवानाच्या शिरा दिसायलाच हव्यात. बाहेरून, विशेषतः पूर्व-पश्चिमेला, पारदर्शक पॉलिश उन्हात टिकत नाही. तिथे ऑइल पेंट किंवा उकळलेलं जवसाचं तेल, ज्याला रंगारी बेलतेल म्हणतात. तेल सोलवटत नाही, फक्त विरतं. दरवर्षी कापडाने एक हात दिला की झालं. मी दिवाळीच्या साफसफाईत देते, तोवर पावसाची ओल गेलेली असते. तेलाची कापडं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेटू शकतात. उघडी पसरून वाळवा, मगच टाका.

पॉलिश असो वा रंग, झडपेच्या वरच्या आणि खालच्या कडेलाही लागला पाहिजे. त्या कडा दिसत नाहीत म्हणून रंगारी सोडून देतात, आणि लाकूड सगळ्यात जास्त पाणी तिथूनच पितं. झडप लावायच्या आधी हात फिरवून बघा.

पहिला सप्टेंबर

पहिल्या पावसाळ्याच्या शेवटी एखादी झडप अडेल. चांगल्या कामातही अडते. लगेच सुताराला बोलावून रंधा मारून घेऊ नका. माझ्या दुसऱ्या वेळच्या सुतारमामांनी तेव्हा यायलाच नकार दिला होता. ‘ताई, आत्ता घासली तर शिमग्याला फट दाखवायला मलाच बोलवाल. दिवाळीपर्यंत दम धरा,’ म्हणाले. दिवाळीपर्यंत ती झडप आपोआप सुटली.

तोवर अडणाऱ्या कडेवर मेणबत्ती घासा, झडप सरकते. दिवाळीनंतरही अडत असेल तर आधी वरच्या बिजागरीचे स्क्रू तपासा. ते ढिले झाले की झडप लोंबते आणि खालच्या कोपऱ्यात घासते. स्क्रू आवळूनही फरक पडला नाही तर घासल्याची खूण जिथे दिसते तेवढ्याच जागी रंधा मारा आणि उघड्या पडलेल्या लाकडाला त्याच दिवशी तेल द्या.